किरण आला की किरण आली?

हरमनप्रीत सिंघ आणि हरमनप्रीत कौर. एकाच्या नेतृत्वाखाली भारताच्या हॉकी संघाने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं. दुसरीने २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत महिला क्रिकेटचा विश्वचषक उचलला. त्या रात्री आमच्या गल्लीतही फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "किरणताई, हे तर त्या हॉकीवाल्याचं नाव ना? मग पोरीला कसं काय ठेवलं?"

काकू लातूरकडच्या, नांदेडला नव्याने राहायला आलेल्या. इथे वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपास लहानपण गेलं की हरप्रीत, गुरप्रीत, मनप्रीत, गुरमीत, परमजीत ही नावं मुलाची की मुलीची हे विचारायची सवयच लागत नाही. मी पुढे इथल्याच एका शाळेत शिकवायला लागले आणि निवृत्तीपर्यंत हजेरी घेत राहिले. एकाच वर्गात दोन गुरप्रीत असायचे, एक मुलांच्या रांगेत, एक मुलींच्या. "गुरप्रीत" म्हटलं की दोघं उभी राहायची. सिंघ आणि कौर जोडलं की काम भागायचं.

हे नाव ठेवतात कसं, ते माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने मला नीट समजावून सांगितलं होतं. बाळ झालं की घरचे गुरुद्वाऱ्यात जातात, अरदास म्हणजे प्रार्थना होते, मग गुरू ग्रंथसाहिब उघडतात आणि डाव्या पानावर जो शबद, म्हणजे जे पद, निघेल ते वाचतात. त्याला हुकमनामा म्हणतात. त्या शबदाचं पहिलं अक्षर ते बाळाचं अक्षर. पुढे घरच्यांनी त्या अक्षरावरून नाव निवडायचं. मुलगा झालाय की मुलगी, याच्याशी त्या अक्षराचा काहीच संबंध नसतो. 'ह' आलं तर हरप्रीत, हरमीत, हरजोत. 'ग' आलं तर गुरप्रीत, गुरलीन. अर्थ बघा: हरीवर प्रीती, गुरूवर प्रीती, गुरूच्या ठिकाणी लीन. देवावर प्रेम करायला मुलगाच असावं लागतं किंवा मुलगीच, असं थोडंच आहे? म्हणून नावही दोघांना चालतं.

यात आपला एक जवळचा धागा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ग्रंथसाहिबाच्या १४३० पानांमध्ये (त्यांना अंग म्हणतात) संत नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेवांचं नरसी हे गाव नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. म्हणजे एखाद्या दिवशी, जगात कुठेही, व्हँकुव्हरला किंवा लुधियान्याला, एखाद्या बाळासाठी पान उघडलं आणि नामदेवांचं पद निघालं, तर त्या बाळाला नावाचं अक्षर नरसीच्या नामदेवांकडून मिळतं. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा शीख मुलं आणि मराठी मुलं एकमेकांकडे बघायची.

हे सगळं आत्ता लिहायचं निमित्त माझी भाची आहे. ती नवऱ्याबरोबर जर्मनीत असते, तिला बाळ होणार आहे. तिकडे डॉक्टर मुलगा की मुलगी ते सांगतात, पण हिने आधीच सांगून ठेवलं की आम्हाला कळवू नका. आणि मला फोन केला: "मावशी, दोघांना चालेल असं मराठी नाव सुचव. इंटरनेटवरच्या याद्या वाचून डोकं उठलंय." तिने मलाच का विचारलं हे उघड आहे. माझं नाव किरण.

मी जन्मले तेव्हा घरात आधीच एक किरण होता, माझा चुलतभाऊ. वडिलांनी तरीही हेच नाव धरलं. ते एसटीत वाहक होते. पहाटेची पहिली गाडी त्यांच्याकडे असायची आणि नदीच्या पुलावर उजाडायचं, असं ते सांगत. आजीचं म्हणणं होतं की मुलीचं नाव मुलीसारखं असावं, निदान किरणबाला तरी म्हणा. वडिलांनी 'बाला' काही लावू दिलं नाही. मग आमच्याकडे किरणदादा आणि किरणताई अशी दोन माणसं वाढली आणि कुणाचा काही घोटाळा झाला नाही.

घोटाळा लग्नात झाला. माझ्या धाकट्या दिराचं नाव किरण. सासूबाईंना वाटलं, एका घरात दीर-भावजयीचं एकच नाव बरं दिसत नाही. तेव्हा तशीही नवरीचं नाव बदलायची पद्धत होतीच. ताटात तांदूळ पसरले, अंगठी नवऱ्याच्या हातात दिली, आणि 'कल्पना' लिहायचं ठरलं. मी हळूच पण स्पष्ट सांगितलं की माझं नाव वडिलांनी ठेवलंय, ते राहू द्या. खोलीत सगळे गप्प झाले. नवऱ्याने तांदळात 'किरण' लिहिलं. त्या एका गोष्टीसाठी मला हा माणूस आयुष्यभर पुरला. पुढे मी दिराला "किरणभाऊजी" अशी हाक मारत आले आणि ते मला "किरणवहिनी". स्वतःच्याच नावाने दुसऱ्याला हाक मारण्यात एक आपलेपण असतं, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल.

कागदावर मात्र त्रास झाला. एका निवडणुकीत ड्युटीचा आदेश "श्री. किरण" म्हणून आला आणि मला तालुक्याच्या टोकाच्या मतदान केंद्रावर टाकलं, जिथे मुक्कामाला बायकांची काहीच सोय नव्हती. महिला कर्मचाऱ्यांना जवळची केंद्रं मिळाली होती. कार्यालयात जाऊन उभी राहिले तेव्हा तिथल्या माणसाने आदेश बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, "नाव तर पुरुषाचं आहे." मी म्हटलं, नाव माझं आहे. आदेश बदलून मिळाला.

बोलताना असं होत नाही, कारण मराठीत क्रियापद लगेच सांगून टाकतं. किरण आला, किरण आली. तू आलास, तू आलीस. (कोल्हापूरकडच्या मुली "मी आलो, मी जेवलो" म्हणतात, ते ऐकायला मला फार आवडतं.) बंगालीत क्रियापद दोघांसाठी एकच. आपल्याकडे तसं नाही, म्हणून दोघांना चालणारं नाव ठेवण्यामागे लपवाछपवीचा हेतू असूच शकत नाही. तोंड उघडलं की कळतंच. तरीही आपल्या आधीच्या पिढ्यांनी अशी नावं भरभरून ठेवली, यात मला त्यांचा मोठेपणा दिसतो.

तर भाचीला मी आधी सांगितलं की तू ज्या देशात आहेस तिथे माझ्याच नावावरून मोठा खटला झालाय. ती म्हणाली, काहीतरीच. पण खरं आहे. जर्मनीत नोंदणी कार्यालयांचा आग्रह असे की नावावरून मुलगा की मुलगी कळलं पाहिजे. कळत नसेल तर सोबत दुसरं, स्पष्ट नाव लावा. एका आईबापांनी मुलीचं नाव किरण ठेवलं. कार्यालय अडून बसलं, खालची न्यायालयंही म्हणाली की दुसरं नाव जोडा. प्रकरण कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयात गेलं आणि ५ डिसेंबर २००८ ला निकाल लागला: नावातून लिंग कळलंच पाहिजे असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, नावामुळे मुलाचं अहित होणार असेल तरच आईबापांना अडवता येईल. ती मुलगी किरणच राहिली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडील जिवंत नव्हते, त्याचं वाईट वाटलं. 'बाला' न लावण्याचा त्यांचा हट्ट कार्ल्सरूहच्या न्यायाधीशांनी उचलून धरला होता.

त्याच जर्मनीत एक सवलत मात्र जुनी होती: मुलग्याच्या दुसऱ्या नावात 'मारिया' चालायचं. कॅथलिक घरांतली ही रीत. कवी रायनर मारिया रिल्के हे नाव अनेकांनी ऐकलेलं असेल. आपल्या गोव्यातही हे आहे, पोर्तुगीज रीतीतून आलेलं. जोझे मारिया हा पुरुष आणि मारिया जोझे ही बाई. पहिलं नाव कुठलं, त्यावर सगळं ठरतं. आईचं, म्हणजे त्या जगन्मातेचं, नाव मुलग्याने लावण्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

आइसलँडची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. त्या देशात नावांची सरकारी समिती आहे. समितीच्या यादीत नसलेलं नाव ठेवायचं तर परवानगी लागते. एका आईने मुलीचं नाव 'ब्लाइर' ठेवलं. अर्थ वाऱ्याची मंद झुळूक. त्यांच्या भाषेत हा शब्द पुल्लिंगी, म्हणून समितीने नाव नाकारलं. मग सरकारी कागदांवर त्या मुलीचं नाव काय होतं? 'मुलगी'. एवढंच. पंधरा वर्षांची होईपर्यंत पासपोर्टवर, शाळेत, बँकेत 'मुलगी'. जानेवारी २०१३ मध्ये रेक्याविकच्या न्यायालयाने तिला तिचं नाव दिलं, आणि २०१९ च्या कायद्याने तिथे यादीतलं कुठलंही नाव मुलालाही आणि मुलीलाही ठेवता येऊ लागलं. आडनावाच्या जागी बापाच्या किंवा आईच्या नावाला 'सोन' किंवा 'डोत्तिर' लावायची त्यांची जुनी पद्धत. त्यात ज्यांना दोन्ही नको त्यांच्यासाठी 'बुर' हा तिसरा प्रत्ययही आला.

त्या समितीचं तर्कशास्त्र आपल्याला लावून बघा. किरण शब्द मराठीत पुल्लिंगी, म्हणजे मी बाद. सुमन, कमळ, माणिक सगळी नपुंसकलिंगी, म्हणजे ही नावं कुणालाच ठेवायची नाहीत! आपल्या लोकांनी असला विचार कधीच केला नाही. वस्तू सुंदर आहे ना, मग पोराला ठेवा, पोरीला ठेवा.

माणिकवर मी जरा थांबते, कारण हे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे. गायिका माणिक वर्मा म्हटलं की एका पिढीच्या कानात भावगीतं वाजायला लागतात. आणि विदर्भात मोझरीचे तुकडोजी महाराज, खंजिरी घेऊन गावोगाव भजनं म्हणणारे, त्यांचं जन्मनाव माणिक. कवी ग्रेस यांचंही खरं नाव माणिक, माणिक सीताराम गोडघाटे. आणि त्यांनी टोपणनाव घेतलं ते ग्रेस, जे इंग्रजीत बाईचं नाव म्हणून चालतं! नागपूरच्या या कवीने आयुष्यभर दोन नावं वागवली आणि दोन्ही बाईलाही शोभणारी. रत्नाला कुठे लिंग असतं? त्याचा रंग असतो, पाणी असतं.

शिरीष घ्या. शिरीष पै, आचार्य अत्र्यांची लेक, जन्म १९२९ चा. मराठीत हायकू रुजवला तो त्यांनी. आणि शिरीष कणेकर, क्रिकेट आणि सिनेमावर लिहिणारे. संस्कृत काव्यात नाजूकपणाची उपमा द्यायची तर शिरीषाचं फूल. कणेकरांच्या आईबापांना मुलग्याला नाजूक फुलाचं नाव ठेवताना संकोच वाटला नाही, आणि अत्र्यांनी लेकीला 'शिरीषा' केलं नाही. सुहासही तसंच: कादंबरीकार सुहास शिरवळकर पुरुष, रंगभूमी गाजवणाऱ्या सुहास जोशी बाई. छान हसणं दोघांनाही येतं.

काही नावं मात्र प्रांत ओलांडला की बाजू बदलतात. मृणाल गोरे आपल्या 'पाणीवाली बाई', गोरेगावच्या बायकांना घेऊन हंडा मोर्चे काढणाऱ्या. कोलकात्यात मृणाल हे बाप्याचं नाव. चित्रपट दिग्दर्शक मृणाल सेन. मृणाल म्हणजे कमळाचा देठ, चिखलातून वर येणारा. ज्योती म्हटलं की आपल्याला शेजारची मुलगी आठवते, पण बंगालमध्ये ज्योती बसू तेवीस वर्षं मुख्यमंत्री होते. आणि आपल्याकडे तरी ज्योती फक्त मुलींचं कुठे? महात्मा फुल्यांचं नाव जोतीराव, जोतिबाच्या नावावरून. कमल आपल्याकडे आजीचं नाव, कमल देसाईंसारख्या लेखिकेचं नाव; तमिळनाडूत कमल हासन. सुमन बंगालमध्ये सर्रास पुरुषाचं नाव, इथे सुमन कल्याणपूर. कुणी म्हणालं की अमुक नाव "मूळचंच बायकी आहे", तर मी त्यांना हावडा मेलचं तिकीट काढायला सांगते.

नाव बाजूला ठेवलं तरी हाक उरते. वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात. दाढीवाला म्हातारा माउली, तुळस डोक्यावर घेतलेली बाई माउली, रस्त्यावर बंदोबस्ताला असलेला पोलीस माउली. स्वतः ज्ञानेश्वर माउली. मातृत्वाचं नाव सगळ्यांना दिलं की कुणाचंच काही कमी होत नाही.

हिवाळ्यात नांदेडला तिबेटी लोक स्वेटर विकायला येतात, तसे ते महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत येतात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात त्यांची वसाहतच आहे. मी एका बाईंकडून दरवर्षी स्वेटर घेत असे. त्यांनी सांगितलं की त्यांचं नाव म्हणजे शुक्रवार, आणि त्यांच्या दिराचंही तेच. शुक्रवारी जन्म, म्हणून पासांग. तिबेटी आणि शेर्पा लोकांत ही चाल आहे: रविवार निमा, सोमवार दावा, मंगळवार मिंगमा, बुधवार ल्हाक्पा, गुरुवार फुर्बा, शुक्रवार पासांग, शनिवार पेंबा. वाराला लिंग नसतं, म्हणून नावालाही नाही. हवं तर मागचा शब्द सांगतो. पासांग ल्हामू शेर्पा ही एव्हरेस्टवर पोचलेली पहिली नेपाळी स्त्री, २२ एप्रिल १९९३. उतरताना ती गेली. ल्हामू म्हणजे देवी. आणि ल्हाक्पा शेर्पा, बुधवारची लेक, २०२२ मध्ये दहाव्यांदा एव्हरेस्टवर पोचली. इतक्या वेळा दुसरी कुठलीच बाई पोचलेली नाही.

वारावरून नावं आपल्याकडेही आहेत, पालघर-ठाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवर. पण तिथे सोम्या आणि सोमी, बुध्या आणि बुधी असे दोन भाग होतात. घानातल्या अकान लोकांतही तसंच. शुक्रवारचा मुलगा कोफी, संयुक्त राष्ट्रांचे कोफी अन्नान आठवा. शुक्रवारची मुलगी अफुआ. म्हणजे कोफी, अफुआ आणि माझ्या स्वेटरवाल्या बाई एकाच वारच्या. एकाच कल्पनेतून एका समाजाने एक नाव केलं, दुसऱ्याने दोन. का केलं असेल, यावर मी बराच विचार केला. मला वाटतं, ज्या भाषेत शब्दाचं रूप सहज बदलतं तिथे लोक बदलून घेतात, पण ते एवढंच कारण नसावं. नाहीतर माणिकची माणिका झाली असती.

नायजेरियातल्या योरुबा लोकांची रीत मला फार भावते. तिथे जुळी मुलं खूप होतात. इग्बो-ओरा नावाचं गाव तर त्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. जुळ्यांची नावं आधीच ठरलेली. जो आधी बाहेर येईल तो ताइवो, म्हणजे जगाची चव घेणारा. मागून येईल तो कहिंदे. मुलगे असोत, मुली असोत, एक-एक असोत, नावं हीच. आणि ते मोठं समजतात ते मागून आलेल्याला! कहिंदेने ताइवोला पुढे पाठवलं, जा, जग कसं आहे बघून ये, आणि मग तो स्वतः आला. जुळ्यांच्या पाठीवरचं मूल इदोवू, त्याच्या पाठीवरचं अलाबा. ओबामांचं चित्र काढणारा कहिंदे वायली हा अमेरिकन चित्रकारही जुळ्यांतलाच. त्या नावांवरून माणूस कुटुंबात कितव्या जागी आणि कशा वेळी आला ते कळतं. त्यांच्या भाषेत 'तो' आणि 'ती' याला एकच शब्द आहे.

जपानी हिकारू म्हणजे झळकणं. माझ्या नावाचं लांबचं भावंडच ते. बुद्धिबळातला हिकारू नाकामुरा पुरुष; हिकारू उताडा हे तिथल्या मोठ्या गायकांमधलं नाव. जपानीबद्दल एवढंच.

इंग्रजी नावांबद्दल मात्र मला राग आहे, तो लिहिते. शर्ली हे एके काळी पुरुषाचं नाव, मुळात गावाचं. १८४९ मध्ये शार्लट ब्राँटेच्या कादंबरीत नायिकेला ते नाव मिळालं, कारण तिच्या आईबापांना मुलगा हवा होता. त्यानंतर मुलींना ते इतकं ठेवलं गेलं की मुलग्यांना ठेवणं बंद झालं. बेव्हर्ली, एव्हलिन यांचंही तेच. लेखक एव्हलिन वॉ याने १९२८ मध्ये जिच्याशी लग्न केलं तिचंही नाव एव्हलिन. मित्र त्यांना 'तो एव्हलिन' आणि 'ती एव्हलिन' म्हणत. आज इंग्रजी घरात मुलग्याचं नाव एव्हलिन शोधून सापडणार नाही. वाट एकाच दिशेने जाते. मुलींनी नाव घेतलं की ते मुलग्यांना 'कमी' वाटायला लागतं. नाव तेच, अर्थ तोच. उतरली ती फक्त किंमत, आणि कशामुळे, ते स्पष्ट आहे.

हे आपल्याकडेही होतंय, म्हणून राग. सुमन, कमल, कुमुद ही नावं मुलग्यांकडून गेली. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पहिलीच्या पटावर मुलींची नावं जवळपास सगळी 'आ' आणि 'ई' ने संपणारी, मुलग्यांची सगळी 'अंश' आणि 'वीर' ने. पूर्वीच्या जनरल रजिस्टरात एका पानावर शशी, माणिक, सुहास, किरण, मंगल दिसायचे आणि रकाना बघितल्याशिवाय कळायचं नाही. त्या पानांवर हात फिरवताना मला त्या आईबापांबद्दल आदर वाटायचा.

ज्या नावात मुलगी यापलीकडे काहीच नाही, असं नावही आपणच ठेवलं. नकोशी. नकुशी. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये प्रशासनाने दोनशेहून जास्त नकोशींना नवी नावं दिली, मुलींनी स्वतः निवडलेली. माझ्या शाळेतही एक नकुशा होती. हजेरी घेताना ते नाव माझ्या तोंडातून निघत नसे, मी तिला आडनावाने हाक मारायचे. आइसलँडच्या कागदावरची 'मुलगी' आणि आपली नकोशी यांत मला फार अंतर दिसत नाही, आपलं जास्त क्रूर एवढंच. तिथे कायद्याने अडवलं होतं, इथे घराने.

आपल्या देशात जन्माआधी मुलगा-मुलगी सांगायला बंदी आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, देशाने १९९४ मध्ये. ती बंदी का आणावी लागली ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातून एक चांगली वाट निघते: पोटातल्या बाळाला नावाने हाक मारायची असेल तर दोघांना चालणारंच नाव शोधावं लागतं. एका माजी विद्यार्थिनीने हे केलंय. तिने नऊ महिने 'शशी' म्हटलं आणि पुढे तेच राहिलं. शशी मुलगा आहे की मुलगी हे मी इथे लिहीत नाही.

आता तर नियमही मदतीला आले आहेत. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, अशी सरकारी कागदांवर नोंद होते. पूर्वी 'किरण' नंतर फक्त बापाचं नाव यायचं. माझ्या आईचं नाव माझ्या एकाही प्रमाणपत्रावर नावाच्या ओळीत नाही. आजच्या किरणच्या नावात दोघंही असतील. आणि नाव सुचत नाही म्हणून घाईने काहीतरी ठेवू नका. जन्माची नोंद नावाशिवाय करता येते, नाव नंतर घालता येतं. वर्षभरात घातलं तर शुल्क लागत नाही आणि पुढेही पंधरा वर्षांपर्यंत मुदत असते. शाळेत घालताना आठवण झालेले कितीतरी पालक मी बघितले आहेत, पण तोपर्यंत थांबू नये.

भाचीला मी पाठवलेली नावं: माणिक, शिरीष, मृणाल, सुहास, शशी, मंगल. किरण पाठवलं नाही; आमच्या घरात ते पुष्कळ झालं. तिचा नवरा म्हणाला, मृणालमधला 'मृ' तिकडच्या लोकांना जमणार नाही. शशीबद्दल दोघांचं एकमत झालं नाही. शिरीष जर्मन माणसाला सहज म्हणता येतं, 'श' त्यांच्या भाषेत भरपूर आहे. माझं मत माणिकला आहे आणि ते मी लपवलेलं नाही. भाचीच्या सासूबाईंनी विचारलं की मुलगी झाली तर निदान माणिका करू या का. भाची म्हणाली, नाही, मुलगी झाली तरी माणिकच. बाळ पुढच्या महिन्यात येईल. तोवर शिरीष आणि माणिक ही दोन नावं उरली आहेत.